आडवा बांधा, उभा बांधा: सगळ्या अंगलटींची माणसं चितारायला शिकताना

सडपातळ, काटक, किडकिडीत, ठेंगणाठुसका, धिप्पाड, थोराड, आडव्या अंगाचा, अंगानं भरलेली. माणसाच्या बांध्यासाठी मराठीत इतके शब्द आहेत, पण फिगर ड्रॉइंगला, म्हणजे समोरच्या माणसाचं अंग बघून काढायला, नुकती सुरुवात केलेल्याच्या कागदावर बहुतेक वेळा एकच बांधा उतरतो. समोर कोणीही बसो, चित्रात तीच निमुळती कंबर आणि तेच लांब पाय. हात तक्त्यावरून शिकलेला असतो म्हणून असं होतं. आपल्याकडचं कलाशिक्षण युरोपीय अकादमीच्या वळणावर उभं राहिलं. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही विद्यार्थी ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून हात बसवत. त्या परंपरेतलं आठ डोक्यांचं, म्हणजे डोक्याच्या आठपट उंचीचं, आदर्श अंग अजूनही शिकवणीच्या तक्त्यांवर आहे.

आपल्या शिल्पशास्त्राला मात्र एकच माप कधी पुरलं नाही. तालमानात, म्हणजे मूर्तीच्या मापांच्या शास्त्रात, देवांना नवताल, म्हणजे चेहऱ्याच्या नऊपट उंची, आणि गणपतीला अनेक ग्रंथांत पंचताल. वेगळ्या अंगाला वेगळं माप. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पितळखोरा लेण्यांत सापडलेला, आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेला बुटका, ढेरपोट्या यक्ष बघा. कण्हदास नावाच्या सोनारानं तो घडवल्याचा लेख त्याच्यावरच कोरलेला आहे. पोट गोल, दंड भरलेले, चेहऱ्यावर हसू, आणि शरीराबद्दल कसलाही संकोच नाही. संस्कृत काव्यात तर पोटावरच्या तीन वळ्यांना, त्रिवलीला, सौंदर्याचं लक्षण मानलं आहे.

या लेखात मुख्यतः भरलेल्या अंगाचं चित्रण आहे, कारण नवशिक्याचा हात तिथेच सर्वांत जास्त अडतो. समोरच्या माणसाचा मान राखायचा तर त्याचं अंग नीट मोजायचं. बारीक करणं आणि फुगवणं या दोन्ही गोष्टींत आपण त्या माणसाकडे बघणं सोडून दिलेलं असतं.

साहित्य

फार काही लागत नाही. ड्रॉइंग बोर्ड, दोन मोठ्या क्लिपा, सरावासाठी न्यूजप्रिंटचे किंवा खाकी कागदाचे २५-३० ताव, मोठ्या चित्रासाठी कार्ट्रिज पेपरचे दोन-तीन ताव. कागद अर्ध्या इंपीरियलपेक्षा, म्हणजे १५ × २२ इंचांपेक्षा, लहान नको. लहान कागदावर मनगट फिरतं, खांदा फिरत नाही, आणि पोटाचा किंवा मांडीचा लांब, सलग बाक मनगटानं येत नाही. तो तुकड्यातुकड्यांनी येतो आणि केसाळ दिसतो. विलो चारकोलच्या (चित्रकलेच्या मऊ कोळशाच्या) जाड कांड्या, एक काँप्रेस्ड चारकोल (दाबून केलेली, जास्त काळी कांडी), ६बी पेन्सिल, कणकेसारखं मळता येणारं खोडरबर आणि जुन्या सुती साडीचा तुकडा. याशिवाय एक दोरा आणि त्याला बांधलेला लोखंडी नट. गवंडी ओळंबा वापरतो त्याच कामासाठी.

मॉडेल आणि बसायची जागा

मॉडेल प्रौढ असावं. मानधन, वेळ, कपडे किती, चित्र कुठे दाखवायचं, हे सगळं आधी बोलून घ्या. फोटो काढायचे नाहीत. घरातली आजी किंवा मावशी बसणार असेल तरी हे प्रश्न विचारायचेच; घरचं माणूस नाही म्हणायला संकोचतं, म्हणून जरा जास्तच स्पष्ट विचारा.

जागेची तयारी जड अंगाच्या माणसासाठी वेगळी लागते आणि तिथे चूक झाली तर मॉडेलला अपमान वाटतो. हात असलेली खुर्ची ठेवू नका, ती कुशीत रुतते. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकतात. रुंद लाकडी बाकडं किंवा दणकट चौरंग सर्वांत बरा, त्यावर गादी, पाठीला लोड. उभ्या पोझ एक-दोन मिनिटांच्याच ठेवा, कारण सगळा भार गुडघ्यांवर आणि टाचांवर येतो. लांब पोझ बसून किंवा कुशीवर पडून. पोझ शक्यतो मॉडेललाच निवडू द्या. आपलं अंग कसं विसावतं हे त्याला माहीत असतं, आणि विसावलेलं अंग बघायलाच आपण आलेलो आहोत. बैठक ठरली की पाय, कुल्ले आणि टेकलेले तळवे यांच्या कडेनं खडूनं खुणा करा, म्हणजे विश्रांतीनंतर तीच पोझ परत मिळते.

दोन तासांच्या बैठकीची एक सोयीची मांडणी: ३० सेकंदांच्या १० पोझ, २ मिनिटांच्या ५, ५ मिनिटांच्या ४, मग १० मिनिटं सुट्टी, आणि शेवटी २० मिनिटांच्या २, मध्ये ५ मिनिटांची विश्रांती. उरलेला वेळ पाणी, चहा आणि जागा बदलण्यात जातो.

बोलताना शब्द जपा. ‘पोट मोठं आहे, रेष अजून बाहेर घे’ असं मॉडेलसमोर कोणी बोललं की पुढची सगळी पोझ आखडते. मॉडेल नकळत श्वास रोखून पोट आत ओढतं आणि चित्र खोटं होतं. ‘भार डाव्या कुल्ल्यावर आहे’, ‘ही कड अजून दोन बोटं उजवीकडे’ असं बोलायची सवय लावा. चित्राचंही तेच शब्द भलं करतात, कारण त्यांत मोजण्याजोगं काहीतरी असतं.

पहिली पायरी: कागदावर जागा राखणं

काहीही काढायच्या आधी चार खुणा करा: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आकृती कुठे संपणार. हात कोपरात पूर्ण ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल उभी धरून उंची मोजा, मग तीच आडवी धरून सर्वांत रुंद भागाची रुंदी. मांडी घालून बसलेल्या माणसात गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंतची रुंदी अनेकदा उंचीच्या बरोबरीला येते. तसं असेल तर कागद आडवा फिरवा. हे न केल्यामुळे उजवा गुडघा कागदाबाहेर जाऊ लागतो, आणि मग सरसकट सगळे तो आत ढकलतात. बारीक करण्याची सुरुवात अशी कागदाच्या कडेपासून होते.

डोक्यापासून सुरुवात करू नका. भरलेल्या अंगावर डोकं तुलनेनं लहान दिसतं, कारण कवटी वजनाबरोबर वाढत नाही. नवशिक्याला ते ‘चुकल्यासारखं’ वाटतं आणि तो डोकं मोठं करतो. मोठं डोकं, गोल अंग हे बाळाचं माप आहे. प्रौढ बाई एकदम बाहुलीसारखी दिसू लागते. आधी धडाचा मोठा आकार ठेवा, मग डोकं मोजून बसवा.

दुसरी पायरी: ओळंबा

मॉडेल उभं असेल तर गळ्याखालच्या खाचेतून ओळंबा सोडल्याचं समजा, दोरा समोर धरा आणि तो पायांत कुठे पडतो बघा. पोट पुढे असलेलं माणूस तोल सांभाळायला छाती आणि खांदे किंचित मागे नेतं, कमरेचा बाक खोल होतो, पावलं थोडी फाकतात आणि बाहेर वळतात. हा तोल सुटला की चित्रातलं माणूस पुढे कोसळतंय असं वाटतं, मग अंग कितीही चांगलं छायांकित केलेलं असो.

हातांकडे वेगळं लक्ष द्या. तक्त्यातल्या माणसाच्या दंड आणि कमरेमध्ये हवेचा त्रिकोण असतो. भरलेल्या अंगात तो नसतो. दंड कुशीवर टेकतो, कोपर बाहेर जातं, तळवा मागे वळतो. तिथे दंड आणि धड हा एकच आकार म्हणून काढा आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे फक्त एक रेष.

पेणच्या कारखान्यात गणपतीची बैठी मूर्ती बघायला मिळाली तर तोलाचं हे गणित फार स्वच्छ दिसतं: पोटाचा भार मांडीवर कसा टेकतो, पाठ त्याला कसा तोल देते, एक गुडघा वर असताना पोटाची कड कुठे दबते.

तिसरी पायरी: हाडांच्या खुणा

इथे थोडा जास्त वेळ द्या, कारण भरलेलं अंग चितारण्याची किल्ली इथेच आहे.

सांगाडा वजनानुसार रुंद होत नाही. उभ्या माणसाची उंची साधारण सात ते साडेसात डोकी, अर्धी उंची जांघेच्या आसपास, कोपर कमरेच्या पातळीला. ही उभी मापं बारीक आणि जाड दोघांत जवळपास सारखी. बदलतात आडवी मापं. म्हणून उभं माप एकदा घ्या आणि आडवं माप प्रत्येक पातळीवर नव्यानं घ्या: खांदा, छाती, पोटाचा सर्वांत रुंद भाग, मांड्या, पोटऱ्या.

काही ठिकाणी त्वचा हाडाला जवळून बांधलेली असते. बारीक माणसात तिथे उंचवटा दिसतो. भरलेल्या माणसात भोवतालचं मांस वर येतं, त्वचा मात्र तिथेच बांधलेली राहते, आणि उंचवट्याच्या जागी खळी पडते. कोपर बघा. ताठ केलेल्या बारीक हाताचं कोपर टोकदार, तर भरलेल्या हाताच्या कोपरावर एक खळी आणि तिच्याभोवती सुरकुत्यांचं लहानसं वर्तुळ. बोटांच्या मुळाशीही तसंच: पेरांच्या उंचवट्यांऐवजी चार खळ्या. कमरेच्या मागच्या बाजूला दोन. या खळ्या म्हणजे सांगाड्यावर ठोकलेले खिळे समजा. त्या बरोबर जागी बसल्या की सगळं अंग आतून उभं राहतं. त्या विसरलात तर हवा भरलेला फुगा तयार होतो.

मनगट आणि घोटे इतर भागांइतके भरत नाहीत. पोटरी भरदार आणि घोट्याशी एकदम आकसलेली, हा बदल हळूहळू निमुळता काढू नका. बहुतेक वेळा तो एका वळीनंतर अचानक होतो.

चौथी पायरी: वळ्या

वळ्या कुठेही पडत नाहीत. त्वचा बांधलेल्या जागा ठरलेल्या असतात: स्तनांखाली, बेंबीच्या पातळीला, जांघेत, कुल्ल्याखाली, कुशीवर. त्यांच्यामध्ये मांस भरतं. आधी या ओळी हलक्या हातानं ठेवा, मग त्यांच्यामधले आकार.

प्रत्येक वळीत एक आकार दुसऱ्यावर येतो. वरचा कोणता आणि खालचा कोणता हे ठरवल्याशिवाय रेष ओढू नका. रेष एका बाजूनं उगवते, मध्ये जाड होते आणि पुढे त्वचेत विरून जाते. ती दोन्ही कडांपर्यंत सारख्या जाडीनं नेली की अंग दोरीनं बांधलेलं दिसतं, आणि फार काळी केली तर वळी जखमेसारखी दिसते. बहुतेकांची चित्रं इथेच बिघडतात.

पोट दोन प्रकारचं असतं आणि दोन्ही वेगळी वागतात. काहींची चरबी पोटाच्या स्नायूंच्या आत असते. असं पोट घट्ट आणि घुमटासारखं; माणूस उताणा झोपला तरी ते बऱ्यापैकी वरच राहतं. त्वचेखालची चरबी मऊ असते. ती उताणं झोपलं की दोन्ही कुशींना ओघळते, कुशीवर वळलं की गादीकडे सरकते. पुष्कळांत दोन्ही मिसळलेलं असतं. मॉडेलनं पोझ बदलली की पहिली गोष्ट हीच तपासा: भार कुठे गेला?

अंगावर आडवी फिरणारी कुठलीही गोष्ट फुकटची मदत समजा. बांगडी मनगटाची गोलाई सांगते. ब्लाउजच्या बाहीची कड दंडात रुतते आणि तिच्या दोन्ही बाजूंना मांस किंचित वर येतं. ती कड सरळ काढली तर दंड सपाट पुठ्ठा होतो. उघड्या अंगाच्या पुरुषाचं जानवं डाव्या खांद्यावरून छातीच्या चढावर चढतं, पोटावरून वळतं आणि उजव्या कमरेकडे दिसेनासं होतं. एका दोऱ्यानं सगळ्या धडाची उंचसखल सांगितलेली असते. करगोटा पोटाखाली कुठे गडप होतो, तेही बघा.

कपड्यांचे वण पुसून टाकू नका. परकराच्या नाडीचा वळ कमरेवर बराच वेळ राहतो: तांबूस, थोडा दबलेला, गाठीच्या जागी जास्त खोल. नको असेल तर मॉडेलला आधी सैल गाऊन घालून थोडा वेळ बसू द्या. हवा असेल तर कोळसा हलकेच उचलून आणि खालच्या कडेला बारीक छाया देऊन तो दाखवता येतो. रेम्ब्रांट या डच चित्रकारानं १६३१ च्या सुमारास एका नग्न बैठ्या स्त्रीचं एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र) केलं, त्यात तिच्या पायांवर मोज्यांच्या पट्ट्यांचे वळ आहेत. १६८१ साली आंद्रिस पेल्स या डच लेखकानं असल्या वळांवरून आणि सैल अंगावरून रेम्ब्रांटला धारेवर धरलं. ते वळ आजही त्या चित्रातली सर्वांत जिवंत जागा आहेत.

बारीक अंगाची उलटी अडचण

किडकिडीत माणूस समोर आला की नवशिक्या शरीररचनेचा तक्ता काढू लागतो: बारा बरगड्या, हासळीची दोन ठळक हाडं, सगळं सारखंच काळं. प्रत्यक्षात दोन-तीन बरगड्याच नीट दिसतात, त्याही प्रकाशाच्या बाजूला, आणि श्वासाबरोबर बदलतात. एक बरगडी स्पष्ट काढा, बाकीच्या सुचवा. खांद्याच्या फऱ्याची कड, गुडघ्याची वाटी आणि कमरेच्या हाडाचं पुढचं टोक एवढं मोजून बसलं की पुरे.

छाया आणि रंग

प्रकाश एकाच बाजूनं हवा, खिडकीचा असेल तर उत्तम. डोळे अर्धे मिटून आधी दोनच भाग करा, उजेड आणि छाया. घट्ट पोटावर उजेडाचा ठिपका लहान आणि नेटका असतो. मऊ अंगावर तो पसरतो. मऊ अंगावर टोकदार कड फक्त वळीत आणि पडछायेला, बाकी सगळीकडे कापडाचा बोळा फिरवून मऊ करा. हनुवटीखालच्या भागाला छातीवरून परतलेला उजेड मिळतो, तो काळा करू नका.

रंगात काम करायचं तर १२ × १६ इंचांचा कॅनव्हास बोर्ड आणि सहा रंग: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अलिझरिन क्रिमझन, अल्ट्रामरीन, रॉ अंबर. गव्हाळ-सावळ्या त्वचेच्या मधल्या छटेसाठी सुरुवात तीन भाग बर्न्ट सिएना, दोन भाग यलो ऑकर, अर्धा भाग अल्ट्रामरीन अशी करा, आणि समोर बघून सुधारा. या मधल्या छटेचा ढीग सर्वांत मोठा हवा, निदान अक्रोडाएवढा. भरलेल्या अंगाला पृष्ठभाग जास्त असतो आणि अर्ध्यात रंग संपला तर तीच छटा पुन्हा जमत नाही. उजळ भागासाठी फक्त पांढरा मिसळलात तर अंग पिठूळ दिसतं. पांढऱ्याबरोबर थोडा ऑकर घाला. सावळ्या त्वचेवरची खिडकीची चमक बहुधा निळसर असते.

वळीच्या आत काळा वापरू नका. तिथे उजेड एका त्वचेवरून दुसऱ्या त्वचेवर आपटत आत जातो, त्यामुळे रंग तांबूस आणि उबदार होतो. बर्न्ट सिएनात थोडं अलिझरिन पुरतं. पोट आणि पाठ मनगटांपेक्षा फिकी असतात, मानेच्या वळ्या, काखा आणि मांड्यांच्या आतल्या बाजू गडद. हा फरक नीट आला तर अर्धं चित्र तिथेच होतं. ताणाच्या खुणा एकेक करून रंगवू नका, ओल्या रंगात ब्रशच्या मागच्या टोकानं दोन-चार ओरखडे काढा.

रंगांची चित्रं बघायची तर रूबेन्स, ल्यूशियन फ्रॉइड आणि जेनी सॅव्हिल यांची मोठ्या आकारात बघा. फ्रॉइडच्या १९९५ च्या, सोफ्यावर झोपलेल्या स्त्रीच्या चित्रात अंगाचा प्रत्येक भाग सोफ्यावर कसा दबला आहे तेवढंच तासभर अभ्यासा. बोटेरोची गोल माणसं सुंदर आहेत, पण त्यांचा आकार चित्रकारानं ठरवलेला आहे. निरीक्षणाचा सराव त्यांच्यावरून करू नका.

मॉडेल मिळत नसेल तर

नग्न मॉडेल गावोगावी मिळत नाही आणि त्यावाचून अडतही नाही. नऊवारी नेसलेली आजी भाजी निवडत बसली असेल तर काष्ट्यामुळे मांड्या आणि पोटऱ्यांचे आकार कापडातून दिसतात, ब्लाउज आणि साडीच्या मधे पाठीची वळी उघडीच असते. निऱ्या शेवटी काढा. आधी त्यांच्याखालची मांडी कुठे आहे ते ठरवा. तालमीत वस्तादांची परवानगी घेऊन हौद्याच्या कडेला बसता आलं तर लंगोटातले पैलवान म्हणजे भारदस्त अंगाचं उत्तम विद्यापीठ: जाड मान, भरलेलं पोट आणि त्याखाली हलणारे स्नायू एकाच शरीरात. चपला बाहेर ठेवा, मेहनत चालू असताना मधे बोलू नका, कोणी नको म्हणालं तर वही मिटा. आणि आरसा तर घरी असतोच.

बैठक संपल्यावर

चित्र मॉडेलला आधी दाखवा. ‘मी एवढी जाड आहे?’ असं कोणी विचारलं तर रेष बदलायला धावू नका आणि ‘नाही हो’ म्हणून वेळही मारून नेऊ नका. कोणती जागा काढताना तुम्हाला आनंद झाला ती बोटानं दाखवा: कोपराची खळी, पाठीचा सलग बाक. चित्र इतरांना दाखवायला नको म्हणालं तर ते फाइलमध्ये राहील, हे तिथेच सांगा. मग बोर्ड उघड्या खिडकीशी नेऊन फिक्सेटिव्हचे, म्हणजे कोळसा कागदाला धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याचे, एक फुटावरून दोन हलके थर मारा, मध्ये दहा मिनिटं सुकू द्या. मागच्या बाजूला तारीख आणि पोझची मिनिटं लिहा आणि दोन चित्रांमध्ये बटर पेपर घाला, नाहीतर कोळसा शेजारच्या चित्रावर उतरतो.